दुचाकीची अनुज्ञप्ती आणि चाचणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९५१ साली भारतात नोंदणी झालेल्या मोटार वाहनांची संख्या सुमारे ३ लाख ६ हजार होती आणि त्यांपैकी दुचाकी अवघ्या २७ हजार होत्या. शंभर वाहनांमागे नऊ दुचाकीही त्या काळी भरत नव्हत्या. १९७१ मध्ये १८ लाख ६५ हजार वाहनांपैकी ५ लाख ७६ हजार, १९९१ मध्ये २ कोटी १४ लाखांपैकी १ कोटी ४२ लाख आणि २००१ मध्ये ५ कोटी ५० लाखांपैकी ३ कोटी ८६ लाख वाहने दुचाकी होती. पन्नास वर्षांत भारतीय रस्त्याचे रूप पालटले आणि मोटारीच्या मागून आलेली दुचाकी संख्येने रस्त्याची मालकीण झाली. मात्र ती चालविण्यास माणूस लायक आहे की नाही हे ठरविणारी कायदेशीर चाचणी ज्या काळात घडली, त्या काळात रस्ता मोटारीचा होता. चाचणीच्या या जन्मकाळाची खूण तिच्या अंगावर कशी राहिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दुचाकीच्या अनुज्ञप्तीचा इतिहास आर्थिक इतिहासकारांनी फारसा हाताळलेला नाही आणि वाहतूक अभियांत्रिकीच्या अभ्यासकांना त्याची गरज भासलेली नाही. परिणामी तो कायद्याच्या कलमांत आणि लोकांच्या स्मरणात विखुरलेला आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शासकीय मराठीत 'लायसन्स'साठी 'अनुज्ञप्ती' हा शब्द रूढ आहे. 'परवाना' हा शब्द तेथे रिक्षा, टॅक्सी, मालमोटार यांच्या 'परमिट'साठी राखून ठेवलेला आहे. बोलीत मात्र परवाना म्हणजे लायसन्सच, आणि त्याचेही दोन भाग : 'लर्निंग' व 'पर्मनंट'. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार 'मोटारसायकल' म्हणजे कोणतेही दुचाकी मोटार वाहन, जोडता-काढता येणारी साइडकार असलेलेही. त्यामुळे स्कूटर आणि मोपेड यांना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नाही. लुना चालविणारी शिक्षिका आणि बुलेट चालविणारा फौजदार हे दोघेही कायद्याच्या लेखी मोटारसायकलस्वारच.

ब्रिटिश वारसा

वाहन चालविण्यासाठी अनुज्ञप्ती आवश्यक असणे आणि त्या अनुज्ञप्तीसाठी परीक्षा आवश्यक असणे या दोन वेगळ्या कल्पना आहेत. त्या एकाच वेळी जन्मल्या नाहीत. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून अनुज्ञप्ती सक्तीची झाली. पाच शिलिंग भरले की ती मिळत असे, चाचणी नव्हती. मोटारीसाठी किमान वय १७ वर्षे, तर मोटारसायकलसाठी १४ वर्षे होते. सायकलला इंजिन जोडले तरी ती मूलतः सायकलच राहते, अशी त्या काळची समजूत या फरकामागे दिसते. मोटारसायकलस्वाराची ही वयोमर्यादा १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने १६ वर नेली. सक्तीची चाचणी तेथे १ जून १९३५ पासून सुरू झाली. १ एप्रिल १९३४ किंवा त्यानंतर ज्यांनी वाहन चालविण्यास आरंभ केला त्यांनाच ती लागू होती. त्यापूर्वीपासून चालविणाऱ्यांची पिढी परीक्षेविनाच रस्त्यावर राहिली.

भारतात इंडियन मोटार व्हेइकल्स अॅक्ट, १९१४ हा पहिला अखिल भारतीय कायदा होय. अनुज्ञप्तीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास त्याने मनाई केली आणि तपशिलाचे नियम करण्याचे काम प्रांतिक सरकारांवर सोपविले. त्या काळी मोटार ही संस्थानिक, गोरे अधिकारी, बडे व्यापारी आणि डॉक्टर यांची. ती चालविणारा बहुधा पगारी नोकर. कायद्याची नजर साहजिकच त्या नोकरावर होती. ही नजर पुढील कायद्यातही टिकली. १ जुलै १९३९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्यात अनुज्ञप्तीधारकास पगारी चालक म्हणून वाहन हाकण्याचा अधिकार आहे किंवा नाही, हा भेद जपलेला होता. स्वतःची दुचाकी स्वतः चालवीत कचेरीला जाणारा कारकून त्या कायद्याच्या कर्त्यांसमोर नव्हता, कारण तो रस्त्यावरही नव्हता.

१९३९ च्या कायद्याचे खरे महत्त्व असे की, त्याने चालकाच्या क्षमतेची चाचणी कायद्याच्या परिशिष्टात आणली. वाहन सुरू करणे, वळणे, दुसऱ्याला ओलांडणे, आकस्मिक प्रसंगी थांबणे, हाताने खुणा देणे, वाहतुकीची चिन्हे ओळखणे असा तिचा आशय होता, आणि तिची ठेवण ब्रिटिश चाचणीच्या वळणाची होती. परीक्षक शेजारच्या आसनावर बसून निरीक्षण करीत आहे, हे चित्र या रचनेत गृहीत आहे. दुचाकीला शेजारचे आसन नसते. या साध्या गोष्टीचे परिणाम दूरवर गेले.

परवान्यांचे युग आणि घरोघरची स्कूटर

स्वातंत्र्यानंतर दुचाकी ही मध्यमवर्गाची वाहनाची पहिली पायरी ठरली. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा, मद्रासेत १९५५ पासून एन्फिल्डची बुलेट, म्हैसूरला जावा, उत्तरेत एस्कॉर्ट्सची राजदूत आणि १९६० च्या दशकापासून आकुर्डीची बजाज स्कूटर ही त्या काळची प्रमुख नावे. उत्पादनाची मर्यादा औद्योगिक परवान्याने ठरत असल्याने ग्राहकाला नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या काळातील कुटुंबांत दोन परवान्यांची वाट पाहिली जात होती : कारखानदाराला दिल्लीहून मिळणाऱ्या परवान्याची आणि आपल्याला आरटीओतून मिळणाऱ्या परवान्याची. पहिला इतका दुर्मीळ होता की दुसऱ्याविषयी कोणी फारसे बोलत नसे. गाडी येण्यास आठ-दहा वर्षे लागणार असतील, तर चाचणीची तयारी ही घाईची बाब उरत नाही.

येथे यंत्ररचनेचा एक तपशील नोंदविण्याजोगा आहे. बजाज चेतक (१९७२) आणि तिच्या पूर्वीच्या व्हेस्पा वळणाच्या स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत होते, इंजिन मागील चाकाच्या उजव्या अंगाला होते. बुलेटचे गिअर उजव्या पायाने आणि मागचा ब्रेक डाव्या पायाने चालत असे; ही उलटी मांडणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि त्या सुमारास आलेल्या इतर जपानी बनावटीच्या गाड्यांत गिअर डाव्या पायाशी आणि ब्रेक उजव्या पायाशी होता. या तिन्ही प्रकारांना कायद्यात एकच वर्ग होता. चेतकवर चाचणी देऊन उत्तीर्ण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बुलेटवर बसला, तर कायदा त्याला अडवीत नव्हता. पहिल्याच चौकात त्याचा उजवा पाय ब्रेकऐवजी गिअरवर पडे.

१९७२ मध्ये फिरोदिया उद्योगसमूहाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० घनसेंटिमीटर (सीसी) क्षमतेची लुना आणली. पुणे, अहमदनगर, नाशिक या परिसरात तिने जे घडविले त्याचा सामाजिक इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. शिक्षिका, परिचारिका, बँकेतील कर्मचारी स्त्रिया आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांच्या हाती प्रथमच स्वतःचे यांत्रिक वाहन आले आणि त्यांच्यासह एक नवा परीक्षार्थी आरटीओच्या रांगेत आला. त्याला क्लच नव्हता, गिअर नव्हते, आणि निरीक्षकासमोर फक्त तोल दाखवायचा होता.

१९८८ चा अधिनियम : अपवादाची भाषा

१ जुलै १९८९ पासून मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्यासोबत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अमलात आले. दुचाकीच्या अनुज्ञप्तीचा आजचा सांगाडा येथून सुरू होतो. कलम १० मध्ये 'बिनगिअरची मोटारसायकल' आणि 'गिअरची मोटारसायकल' असे दोन वर्ग केले. गिअरच्या गाडीवर उत्तीर्ण झालेला उमेदवार बिनगिअरच्या गाडीसाठीही उत्तीर्ण मानला जातो. उलट मात्र नाही. शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने टिकते आणि ती मिळाल्यापासून तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीन वेळा अपयश आल्यास साठ दिवस थांबावे लागते. ही मुदत पाहता कायद्याने शिकण्यासाठी किमान एक महिना अपेक्षिला होता, हे उघड आहे.

तो महिना कसा घालवावा याविषयी मात्र दुचाकीच्या बाबतीत नियमांनी विलक्षण मौन पाळले आहे. जेथे बोलले आहेत तेथे अपवादाच्या भाषेत बोलले आहेत. नियम ३ नुसार शिकाऊ चालकासोबत अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक हवा आणि तो वाहन आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. त्याच नियमाच्या परंतुकात म्हटले आहे की, मोटारसायकल शिकणाऱ्याने अशा प्रशिक्षकाखेरीज अन्य कोणासही गाडीवर घेऊ नये. आता मागे बसलेल्या माणसाच्या हाती क्लच नसतो, ब्रेक नसतो आणि मूठही नसते. तो गाडी थांबवू शकत नाही; फार तर ओरडू शकतो. नियम २४ मध्ये वाहनचालन प्रशिक्षण शाळांच्या गाड्यांना दुहेरी नियंत्रण बसविण्याची अट आहे, तेथेही 'मोटारसायकल वगळून' असे शब्द आहेत. नियम १५ मधील प्रत्यक्ष चाचणीच्या यादीत मागे वाहन नेणे आहे, आणि पुन्हा 'मोटारसायकलखेरीज अन्य वाहनाच्या बाबतीत' अशी सूट आहे. मोटारीसाठी रचलेल्या नियमांतून दुचाकीला न जमणारे तेवढे वगळले गेले. तिला विशेषत्वाने लागणारे असे काही त्या जागी आले नाही.

नियम १५ ची यादी बारकाईने वाचली तर ती गरीब नाही. आरसे लावणे, सर्व गिअर टाकीत सुरळीत पुढे जाणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, वळताना आरशात पाहून खूण देणे, ओलांडणे, मार्गिका बदलणे, अचानक थांबणे, पोलिसाची खूण पाळणे हे सर्व तिच्यात आहे. ही यादी खऱ्या रस्त्याची आहे. तिच्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे आठचा आकडा.

आठचा आकडा आणि तयारीची रीत

महाराष्ट्रात दुचाकीची परीक्षा म्हणजे 'आठ काढणे' ही समजूत इतकी पक्की आहे की, तिचा कायद्याशी संबंध तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. निरीक्षकाला मागे बसून परीक्षा घेणे शक्य नाही आणि उमेदवारामागे रस्त्यावर जाण्यास वेळ नाही. एका जागी उभे राहून दिवसाकाठी असंख्य उमेदवारांना पाहता येईल अशी कसोटी हवी होती. आठचा आकडा ही गरज भागवितो. त्यात डावे वळण आहे, उजवे वळण आहे, तोल आहे, आणि पाय जमिनीला टेकला की नाही हे वीस फुटांवरूनही दिसते. सोयीतून जन्मलेली ही कसोटी म्हणून तिच्याकडे पाहणे योग्य ठरेल.

ती निरर्थक मात्र नाही. क्लच अर्धा दाबून, मागच्या ब्रेकला किंचित पाय लावून, नजर पुढच्या वळणाकडे ठेवून संथ गतीने आठ काढणे हे खरे कौशल्य आहे. चेतकच्या काळी तर इंजिनाचे वजन एका अंगाला असल्याने आठचे एक पोट सोपे आणि दुसरे अवघड जात असे. परंतु पायी चालण्याच्या वेगातील तोल आणि ताशी पन्नास किलोमीटर वेगातील ताबा या दोन भिन्न विद्या आहेत. वेगात असताना ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. नवशिका मात्र घाबरून मागचाच ब्रेक करकचून दाबतो व चाक घसरते. आठ काढताना पुढच्या ब्रेकला हात लावू नये असेच शिकवावे लागते, आणि तेथे ते बरोबरही आहे. म्हणजे परीक्षेच्या तयारीत जी सवय लागते तीच रस्त्यावर उलटते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. या मृत्यूंचे खापर एका चाचणीवर फोडता येणार नाही. रस्ते, शिरस्त्राण, वेग, अवजड वाहने ही कारणे आहेतच. तरीही इतक्या माणसांना जे वाहन घेऊन गेले त्याची परीक्षा मैदानावरील एका आकड्यापुरती उरावी, हे शासनाच्या कोणत्याही अभ्यासकाला खटकावे.

लेखी अंगाची तयारी निराळी. नियम ११ मधील प्राथमिक चाचणीचे चार विषय आहेत : वाहतुकीची चिन्हे व रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, पहारा नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची दक्षता आणि जवळ बाळगावयाची कागदपत्रे. किमान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. पूर्वी हे प्रश्न निरीक्षक तोंडी विचारीत. समोरच्या तक्त्यावरील चिन्हावर छडी ठेवली जाई आणि उमेदवाराने अर्थ सांगायचा. आरटीओच्या फाटकाबाहेर विकली जाणारी पातळ चिन्हपुस्तिका हेच या परीक्षेचे क्रमिक पुस्तक होते. दुचाकीची लेखी परीक्षा आणि मोटारीची लेखी परीक्षा यांत भेद नसल्याने, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावावा किंवा बसच्या आंधळ्या बाजूस का राहू नये हे दुचाकीस्वाराला कोणत्याही टप्प्यावर विचारले जात नसे.

प्रत्यक्ष शिक्षण घरचे. थोरला भाऊ, मामा, शेजारचा मित्र हा प्रशिक्षक. रविवारची शाळेची रिकामी मैदाने हे प्रशिक्षण केंद्र. पांढऱ्या चौकोनातील तांबडे 'एल' अक्षर बहुधा कागदावर रंगवून दोऱ्याने बांधलेले. या घरगुती परंपरेत आपुलकी होती, तशी चुकांची वारसाहक्काने होणारी वाटणीही होती. मोटार शिकविणाऱ्या शाळा प्रत्येक तालुक्याच्या गावी निघाल्या. दुचाकी शिकविणारी शाळा मोठ्या शहरांतही, मुख्यतः स्त्रियांसाठी, अपवादानेच दिसते. जे सर्वांना येते असे मानले जाते ते शिकवायला कोणी बसत नाही.

सोळा वर्षांचा प्रश्न

महाविद्यालयांशी थेट निगडित असलेला एक तपशील येथे विचारात घेतला पाहिजे. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये किमान वय १८ ठेवताना बिनगिअरच्या मोटारसायकलसाठी ते १६ केले होते, पालकाच्या लेखी संमतीच्या अटीवर. अधिनियमाच्या कर्त्यांसमोर बिनगिअरची गाडी म्हणजे मोपेड असावी. प्रत्यक्षात १९८४ पासूनच ९८ सीसीची बिनगिअरची कायनेटिक होंडा बाजारात होती. शब्द गिअरचा होता, धोका वेगाचा होता. १९९४ च्या दुरुस्तीने ही चूक सुधारून '५० सीसीपर्यंतची मोटारसायकल' अशी शब्दयोजना केली. परंतु तोवर बाजार पुढे गेला होता. बजाज सनी आणि टीव्हीएस स्कूटी या विद्यार्थ्यांच्या आवडत्या गाड्या ६० सीसीच्या आसपासच्या होत्या, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलासाठी दहा सीसीने बेकायदेशीर. पुढे ५० सीसीच्या पेट्रोल गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या आणि सोळाव्या वर्षीची अनुज्ञप्ती कायद्यात राहिली, तिच्यावर चालवायची गाडी राहिली नाही. कनिष्ठ महाविद्यालयांच्या वाहनतळांवर उभ्या असणाऱ्या शेकडो स्कूटरींकडे पाहिले असता कायदा आणि वास्तव यांतील हे अंतर मोजण्यास वेगळ्या साधनाची गरज पडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९९-अ मुळे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळू शकत नाही. अनुज्ञप्तीवाचून वाहन चालविण्याचा दंडही याच दुरुस्तीने ५०० वरून ५ हजार रुपये केला. शिक्षा दसपट झाली; शिकण्याचा मार्ग पूर्वीइतकाच अरुंद राहिला.

मध्यस्थ आणि यंत्र

चाचणीच्या इतिहासात दलालाचे स्थान टाळता येत नाही. बर्ट्रांड, जांकोव्ह, हॅना आणि मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत ८२२ उमेदवारांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मोटारीच्या अनुज्ञप्तीविषयी होता, पण त्याचे निष्कर्ष येथे लागू पडतात. लवकर अनुज्ञप्ती मिळविल्यास बक्षीस देऊ केलेल्या गटाने ती लवकर मिळविली, आणि त्यांतील बहुतेकांनी चाचणी दिलीच नव्हती. ज्यांना मोफत प्रशिक्षण दिले गेले त्यांना चालविणे चांगले येत होते. तरीही चाचणीच्या खिडकीवर त्या ज्ञानाचा त्यांना म्हणावा तसा लाभ झाला नाही. याचा अर्थ असा की, दलालाला दिलेला पैसा केवळ रांग टाळण्यासाठी नव्हता. तो परीक्षा टाळण्यासाठी होता. चांगली तयारी आणि यश यांतील दुवा एकदा तुटला की शहाणा माणूस तयारी सोडतो. मराठी कुटुंबांत 'लायसन्स काढणे' हा वाक्प्रचार रूढ आहे. 'लायसन्सची परीक्षा उत्तीर्ण होणे' असे सहसा कोणी म्हणत नाही.

संगणकाने हा दुवा पुन्हा जोडण्याची आशा निर्माण केली. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या 'सारथी' प्रणालीमुळे प्राथमिक चाचणी पडद्यावर आली, प्रश्नांची निवड निरीक्षकाच्या मर्जीबाहेर गेली. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे शिकाऊ अनुज्ञप्तीची चाचणी घरबसल्या देण्याची सोय झाली. लांबच्या तालुक्यातून जिल्ह्याच्या गावी मजुरी बुडवून येणाऱ्या उमेदवाराला तिचा मोठा दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या परीक्षेत परीक्षकाची अनुपस्थिती हाच जुना रोग होता, तेथे परीक्षकाला विधिवत दूर केल्यावर पडद्यासमोर उत्तरे देणारा नेमका कोण, हा प्रश्न सुटला नाही. मोटारीसाठी संवेदक आणि कॅमेरे बसविलेले चाचणीपथ पुण्यात भोसरीसारख्या ठिकाणी उभे राहिले. दुचाकीचे बहुसंख्य उमेदवार मात्र आजही कार्यालयाच्या आवारात, एका हातात शिरस्त्राण आणि दुसऱ्या हातात कागदांची घडी घेऊन, जमिनीवर चुन्याने आखलेल्या आठपाशी आपला क्रमांक येण्याची वाट पाहतात. पुढचा उमेदवार आठ काढत असतो, निरीक्षकाची मान अर्जावर असते, आणि पाय टेकला की नाही हे बहुतेक वेळा रांगेतल्यांनाच दिसते.